सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही!

जुन्या दिल्लीतल्या काश्मिरी गेटच्या गल्ल्या पर्यटकांच्या यादीत सहसा नसतात. पण घरात एखादी म्हातारी मोटार असेल, तर या गल्ल्या एकदा तरी पाहायलाच हव्यात!

दिल्ली मेट्रोच्या काश्मिरी गेट स्टेशनात लाल, पिवळी आणि जांभळी अशा तीन मार्गांच्या गाड्या एकत्र येतात. तिथून बाहेर पडलं की एका अंगाला १९७६ साली सुरू झालेला आंतरराज्य बस अड्डा. हरिद्वार, सिमला, चंडीगड अशा आरोळ्यांनी कान किटतात. दुसऱ्या अंगाला थोडं चाललं की तो मूळ दरवाजा दिसतो. शहाजहानने वसवलेल्या नगरीचा हा उत्तरेचा दरवाजा. इथून रस्ता काश्मीरच्या दिशेने जायचा म्हणून हे नाव. १४ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजी फौजेने दारूची पोती लावून तो उडवला आणि शहरात मुसंडी मारली. त्या लढाईच्या खुणा आजही विटांवर आहेत. पर्यटक इथे फोटो काढतात आणि रिक्षा करून चांदणी चौकाकडे वळतात.

आपण मात्र उलट वळायचं. निकल्सन रोड, हॅमिल्टन रोड, मोरी गेट. आणि पुढे तीस हजारी कोर्टासमोर आलं की एका पाटीने मराठी माणूस जागच्या जागी थबकतो. पाटी म्हणते, गोखले मार्केट! आत शिरल्यावर गोखल्यांचं काही दिसत नाही. दिसतात ती गॅस्केटं, बेअरिंगं, क्लचप्लेटा, हेडलाइटच्या काचा आणि रबरी पायपांची वेटोळी. मोटारींच्या सुट्या भागांचा हा देशातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक बाजार. दुकान रुंदीला जेमतेम दहा फूट, पण खोली विचारू नका. एका दुकानात फक्त केबल, दुसऱ्यात फक्त ऑइल सील, तिसऱ्यात फक्त दरवाजाची हँडलं. मधूनच एखादी हातगाडी अख्खं इंजिन घेऊन निघते आणि सगळी गल्ली अंग चोरून तिला वाट देते. रबर, ग्रीस आणि समोरच्या टपरीवरच्या चहाचा एकत्र वास. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं जीव गुदमरतो. मग मजा वाटायला लागते.

इथल्या काउंटरवर उभं राहून नुसतं ऐकावं. गिऱ्हाईक सांगतो, "गाडी स्टार्ट नहीं हो रही." दुकानदार लगेच कुठलाही भाग काढून देत नाही. तो विचारतो, "सेल्फ ले रही है?"

या एका प्रश्नातच अर्धं निदान आहे, बरं का! किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं किंवा काहीच झालं नाही, तर दोष बॅटरी, तिच्या तारा किंवा सेल्फ मोटारीत. पण सेल्फ खणखणीत फिरतो, इंजिन कुर्र कुर्र करत घुमतं आणि तरीही पेट घेत नाही, तर ते दुखणं वेगळं. तिथे नवी बॅटरी घालून काही होत नाही. तरीसुद्धा गाडी अडली की आपण पहिल्यांदा बॅटरीच बदलतो. का? तर बॅटरी सगळ्यांना ठाऊक असते म्हणून.

करोल बागेतल्या एका मराठी कुटुंबाकडून ऐकलेली हकिकत इथे सांगायलाच हवी. दिल्लीत सरकारी नोकरीसाठी आलेली मराठी माणसं पूर्वी पहाडगंज आणि करोल बाग या दोन वस्त्यांत जास्त राहायची. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा, तिथून करोल बाग हाकेच्या अंतरावर. या घरातले काका सचिवालयातून निवृत्त झालेले. त्यांनी १९९९ च्या डिसेंबरात पांढरी मारुती ८०० घेतली. घरातली पहिली गाडी. लेकीची पाठवणी तिच्यातून झाली, नातू तिच्यातूनच दवाखान्यातून घरी आला. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून सीएनजीचा किट बसवला. दिल्लीत हे घराघरांत झालेलं आहे.

२०१४ च्या २६ नोव्हेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश आला. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यावर मनाई. काकांच्या गाडीला पंधरा वर्षं पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता! साताऱ्याला पुतण्या होता. तो म्हणाला, "काका, इकडे पाठवा. मी वापरतो." परिवहन खात्याकडून ना हरकत दाखला मिळाला. डिसेंबर संपायच्या आत गाडी दिल्लीच्या हद्दीबाहेर काढायची असं ठरलं. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात गाडीने असहकार पुकारला. सेल्फ घ्यायची, स्टार्ट व्हायची नाही!

आता काकांची गाडी तिथेच थंडीत उभी राहू दे. आधी जाणता मिस्त्री अशा वेळी काय करतो ते पाहू. कारण काश्मिरी गेट ते करोल बाग या पट्ट्यात असे मिस्त्री अजून आहेत, आणि त्यांचं काम बघणं हा लाल किल्ला बघण्याइतकाच आनंद आहे. निदान मला तरी तसं वाटतं.

तो आधी कान लावतो. सेल्फ मंद, कण्हत फिरत असेल तर बॅटरी. नेहमीच्या ठेक्यात फिरत असेल तर पुढे जायचं. आणि नेहमीपेक्षा हलका, सुसाट, एकसारखा सूर लागला तर तो लगेच हात वर करतो, "बस, मत घुमाओ!" इंजिनाला दाबच मिळत नाही, बहुधा टायमिंग बेल्ट तुटला आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी हट्टाने सेल्फ मारत राहिलं तर काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हजाराचं काम पाचपट होतं.

मग नाक. तो मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकतो. पेट्रोलचा भपकारा आला तर पेट्रोल पोचतंय, जळत नाही. अजिबात वास नाही तर पेट्रोल पोचतच नाही. कुठल्याही यंत्राविना मिळणारी ही माहिती! पण आपण सगळे त्या वेळी बॉनेट उघडून आत डोकावत असतो.

त्यानंतर करंट. जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत तो एक प्लग काढतो, वायरीत अडकवतो, प्लगचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवतो आणि सेल्फ मारायला सांगतो. चटचट आवाज करत निळी ठिणगी पडली तर करंट चोख. पिवळट, मरतुकडी पडली तर संशयाला जागा. पडलीच नाही तर शोध मागे सरकतो. कॉइलच्या मधल्या तारेला ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर चोर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत किंवा रोटरमध्ये. कॉइललाच नाही, तर पॉइंट, कंडेन्सर किंवा खुद्द कॉइल. फियाट आणि अॅम्बॅसेडरच्या जमान्यात पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवत. रस्त्यातले ड्रायव्हर पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासून पुढे जायचे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला आतून दव धरतं. मग कोरड्या फडक्याने टोपी पुसली की गाडी चालू. फडक्याचा हा उपाय दिल्लीत किती जणांनी किती रुपये देऊन विकत घेतला असेल, देव जाणे!

एक सूचना मात्र इथेच द्यायला हवी. ठिणगी बघण्याचा हा प्रकार घरी करू नका. तारेत हजारो व्होल्ट असतात आणि आसपास पेट्रोलची वाफ. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाडीत तर उघडी ठिणगी पाडल्याने महागडं मॉड्यूल जळू शकतं. वास आणि आवाज यांची परीक्षा आपण करावी, ठिणगीची मिस्त्रीवर सोडावी.

शेवटी तेल, म्हणजे पेट्रोल. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात बघायचं आणि अॅक्सिलरेटर दाबायचा. बारीक पिचकारी उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. कोरडं ठणठणीत असेल तर पंप, फिल्टर, पाइप किंवा टाकी. जुन्या मारुतीत आणि फियाटमध्ये पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. त्याच्या पोटात रबरी पडदा असतो, डायाफ्राम म्हणतात त्याला. तो फाटला की गाडी बसली. कधी कधी टाकीच्या झाकणाचं वाऱ्याचं भोक बुजलेलं असतं आणि टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल येत नाही. झाकण सैल करा, फुस्स आवाज होतो, गाडी चालू.

उलट पेट्रोल जास्त झालं तर प्लग भिजतात. गाडी 'ओव्हर' झाली म्हणतात ती हीच. तेव्हा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप मारल्यासारखा खालीवर करायचा नाही, आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारायचा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं. नाहीतर मूळ दोष राहतो बाजूला आणि सेल्फ व बॅटरी दोन्ही बसतात.

आणि धक्का? धक्का हा तर दिल्लीकरांचा राष्ट्रीय खेळ. गल्लीत गाडी बंद पडली की चार अनोळखी माणसं पाट्या-पिशव्या खाली ठेवून मागे लागतात. मन भरून येतं, खोटं कशाला सांगू! पण सेल्फ तब्येतीत फिरत असेल तर धक्क्याने नवीन काहीच घडत नाही. धक्का इंजिन फिरवतो, आणि ते तर फिरतंच आहे. शिवाय १९९५ पासून दिल्लीच्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. धक्का मारत बसलं की न जळलेलं पेट्रोल त्यात जातं आणि तो महागाचा डबा खराब होतो.

दिल्लीच्या हवामानाने या दुखण्याचे दोन हंगाम केले आहेत. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर उतरतो, तेव्हा चोक, बॅटरी आणि दव. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पेट्रोलची पाइपातच वाफ होते. गाडी पाच मिनिटं बंद केली, पुन्हा किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, गाडी ढिम्म! जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे ते याचसाठी. चहा पिऊन होईपर्यंत वाफेचं पाणी, म्हणजे पेट्रोल, झालेलं असायचं.

गाड्यांची ही दुखणी बदलली ती सरकारी आणि न्यायालयीन आदेशांमुळे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली राजधानी परिसरात नव्या गाड्यांना युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ची अट घातली. कार्बोरेटरची सद्दी तिथे संपली. एमपीएफआय गाड्या आल्या. आता किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'ऊंऽऽ' असा पंपाचा आवाज येतो का, ते ऐकायचं. नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. पंप चालतो पण गाडी नाही, तर क्रँक सेन्सरचा संशय. किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत असेल तर गाडीने आपली किल्लीच ओळखलेली नाही. पॉइंट घासणाऱ्या मिस्त्रींना हे सगळं नव्याने शिकावं लागलं. काहींनी स्कॅनर घेतले, काहींनी दुकान मुलाकडे दिलं. आणि उंदीर? ते मात्र दोन्ही जमान्यांत सारखेच. थंडीत उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि तारा कुरतडतात.

अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. त्यामुळे जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि डायाफ्राम तपासून बदलून घ्यावेत. महिनोन् महिने उभ्या गाडीत पेट्रोल तसंच ठेवू नये. काश्मिरी गेटमध्ये हा माल अजून मिळतो. मात्र 'ओरिजिनल' म्हणून हातात पडणारी प्रत्येक डबी तशी असते असं नाही. जुना भाग सोबत न्यावा, शेजारी ठेवून पाहावा, आणि पक्कं बिल घ्यावं.

तर काका. शेजाऱ्यांनी सांगितलं, बॅटरी. नवी बॅटरी आली. सेल्फ आणखी जोमात फिरला, गाडी तशीच. दुसऱ्याने सांगितलं, प्लग आणि कॉइल. तेही झालं. मग रविवारी सकाळी गल्लीतल्या सहा जणांनी धक्का मारला. थंडीत घाम आला, गाडी आली नाही. शेवटी एक हितचिंतक म्हणाला, "अंकलजी, पंद्रह साल हो गए. मायापुरी दे दो."

मायापुरी म्हणजे पश्चिम दिल्लीतला भंगार बाजार. तिथे अख्खी गाडी दुपारपर्यंत सुटी होते. दरवाजे एकीकडे, काचा दुसरीकडे, इंजिन तिसरीकडे. त्यातलं बरंच काही फिरून पुन्हा बाजारात विकायला येतं. हाच तो बाजार जिथे २०१० साली दिल्ली विद्यापीठातून भंगारात निघालेल्या यंत्राबरोबर किरणोत्सारी कोबाल्ट आलं आणि एका कामगाराचा जीव गेला. हा सगळा बाजार काकांनी पूर्वी एकदा पाहिला होता. काकू तर सरळच म्हणाल्या, "आजारी आहे म्हणून कुणी भंगारात देतं का? आधी डॉक्टरला तरी दाखवा!"

डॉक्टर आला तो साठीतला सरदारजी. करोल बागेच्या मागच्या रस्त्यावर झाडाखाली त्याचं दुकान, दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी. त्याने आधी काहीच खोललं नाही. सेल्फ मारायला सांगितला, ऐकलं. मागे जाऊन वास घेतला. वास नाही. ठिणगी पाहिली, निळी. कार्बोरेटरमध्ये डोकावला, कोरडा. मग त्याने काकांना एकच प्रश्न विचारला, "गैस कब से नहीं भरवाई?"

आणि इथे गोष्ट खास दिल्लीची होते. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची परीक्षा करून घ्यावी लागते. तो दाखला नसेल तर पंपावर गॅस भरत नाहीत. काकांच्या टाकीची मुदत त्याच महिन्यात संपली होती. गाडी साताऱ्याला जायचीच आहे, तिथे तेव्हा गॅस कुठला, मग कशाला खर्च? म्हणून त्यांनी ती परीक्षा केली नाही आणि डॅशबोर्डवरचं बटण पेट्रोलवर टाकलं. गाडी मात्र कैक वर्षं गॅसवरच धावलेली. पेट्रोलचा रस्ता जवळजवळ विसरलेली.

गॅसच्या किटबरोबर पेट्रोलच्या पाइपात एक छोटी विजेवर उघडणारी झडप बसवतात, सोलेनॉइड म्हणतात तिला. गॅस चालू असताना ती पेट्रोल अडवते, बटण पेट्रोलवर टाकलं की तिने उघडायचं. सरदारजीने झडपेच्या अलीकडचा पाइप काढला आणि सेल्फ मारवला. पेट्रोल ठिबकलं. म्हणजे टाकी, फिल्टर, पंप सगळे निर्दोष. पलीकडचा पाइप काढला, थेंब नाही. चाचणीचा दिवा लावून पाहिला. झडपेपर्यंत वीज येत होती. झडप उघडत नव्हती, एवढंच. वापर नसल्याने आतला दांडा पेट्रोलच्या चिकट राळेत घट्ट बसला होता.

या झडपेला बाहेरून हाताने उघडायचा एक छोटा स्क्रू असतो. सरदारजीने तो फिरवला. पहिल्या सेल्फला काही नाही. दुसऱ्याला गाडी खोकली. तिसऱ्याला सुरू झाली! बॅटरी, प्लग आणि कॉइल मिळून काकांचे काही हजार गेले होते. सरदारजीने तीनशे रुपये मागितले आणि जाता जाता सांगितलं, रस्त्यात भरवसा नको, झडपच काढून टाका आणि सरळ नवा पाइप जोडा. हातभर पाइप काश्मिरी गेटहून आला.

वाचकहो, ही हकिकत ऐकली तेव्हापासून एक विचार मनात घोळतोय. सरदारजीने गाडीला वय विचारलं नाही. कायद्याने फक्त वयच विचारलं. दिल्लीची हवा हिवाळ्यात किती वाईट होते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. लहान मुलं खोकत असतात, म्हातारी माणसं फिरायला जाणं सोडतात. जुन्या गाड्यांचा त्यात वाटा आहे आणि कडक पावलं हवीतच, याबद्दल माझं दुमत नाही. पण नीट राखलेली पंधरा वर्षांची गाडी आणि काळा धूर ओकणारी सात वर्षांची गाडी, यांतली कुठली थांबवायची? कॅलेंडर पाहून ते कळत नाही. मागे नळी लावून धूर मोजावा लागतो. ते काम जिकिरीचं आहे, म्हणून कॅलेंडर सोयीचं.

हा झगडा काकांच्या गाडीवर थांबला नाही. २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मर्यादा कायम केल्या. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली. लोकांचा एवढा गलका झाला की आठवडाभरात ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला अटकाव केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो दिलासा फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. म्हणजे वयाच्या जोडीला निदान इंजिनाची जात तरी विचारात आली. या आदेशांची चाल पाहता, दिल्लीत जुनी गाडी घेऊन येणाऱ्याने निघण्याआधी ताजा नियम विचारूनच निघावं.

आणखी एक गंमत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिला वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो. रोजच्या वापराला ती नाही, पण रॅलीत मिरवता येते. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची व्हिंटेज रॅली तर १९६४ पासून ओळखीची. मिशांना पीळ दिलेले मालक, फेटे, भोंगे, सगळा थाट! थोडक्यात, पंधराव्या वर्षी नकोशी आणि पन्नासाव्या वर्षी मानाची. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची, हे मात्र कुठल्या नियमात नाही.

हा थाट सावकाश पाहायचा असेल तर गुरुग्रामच्या पुढे तावडूला जावं. तिथे २०१३ साली उघडलेलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. बैलगाडी, पालखी, रेल्वेचा डबा, अॅम्बॅसेडर, फियाट असं सगळं एका छताखाली. मुलांना घेऊन गेलात तर अर्धा दिवस सहज जातो. वाटेत गुरुग्राममध्ये मारुतीचा मूळ कारखाना लागतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. डीआयए ६४७९ ही ती गाडी. मालकाच्या पश्चात ती कित्येक वर्षं घराबाहेर गंजत उभी होती. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. आणि ८०० चं उत्पादन थांबलं ते जानेवारी २०१४ मध्ये, काकांच्या गाडीवर बंदी आली त्याच वर्षी.

काका आणि पुतण्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघाले. धुकं उतरल्यावर, सकाळी दहाला. गुरुग्रामवरून जाताना काकांनी कारखान्याच्या दिशेला बोट दाखवून "हिचं माहेर" असं सांगितलं म्हणे. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई असा जवळपास चौदाशे किलोमीटरचा रस्ता आणि पुढे पुणे, सातारा. चार दिवस लागले. उदयपूरला एकदा सकाळच्या गारठ्यात चोक ओढावा लागला, बाकी तक्रार नाही.

साताऱ्याला आरटीओच्या निरीक्षकाने दिवे, ब्रेक, धूर, सगळं तपासलं. पर्यावरण कर भरून घेतला आणि पुढच्या पाच वर्षांची मुदत दिली. डीएलचा नंबर जाऊन एमएच-११ आला. आरसी बुकातला सीएनजीचा शेरा काढायला मात्र तीन खेपा झाल्या. टाकी दिल्लीतच उतरवून ठेवली होती, त्यामुळे डिकी कितीतरी वर्षांनी रिकामी झाली. काकूंनी पुतण्याच्या सुनेला फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हाच, की आता त्यात तांदळाचं पोतं मावतं का.